पटाकडे न बघणारा आकडा

फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या संकेतस्थळावर ५००००१७ हा क्रमांक टाकला की विश्वनाथन आनंदचं पान उघडतं. देश भारत, जन्मवर्ष १९६९, किताब ग्रँडमास्टर, आणि खाली रेटिंगचे तीन आकडे: क्लासिकल, रॅपिड आणि ब्लिट्झ. सोबत वर्षानुवर्षांचा एक आलेख. बस्स. आनंद किती झपाट्याने खेळायचा, घोड्यांवर त्याचा हात कसा बसलेला होता, यातलं तिथे काहीही नाही. सांगलीच्या एखाद्या रेटिंग स्पर्धेत पहिल्यांदाच खेळलेल्या आठ वर्षांच्या मुलीचं पानही याच साच्यातलं असतं. क्रमांक वेगळा, आकडे वेगळे, पण मोजपट्टी तीच. पाच वेळचा विश्वविजेता आणि चौथीतली मुलगी एकाच पट्टीवर बसवता येतात आणि ती पट्टी खोटीही ठरत नाही, अशी सोय फार थोड्या खेळांत आहे.

त्याहून नवलाची गोष्ट अशी, की हे रेटिंग पटाकडे ढुंकूनही बघत नाही. वजिराचा बळी देऊन जिंकलात काय, समोरच्याने हत्ती फुकट दिला म्हणून जिंकलात काय, त्याला सारखंच. २००३ साली युरोपीय सांघिक स्पर्धेत फिडेचा तेव्हाचा विश्वविजेता रुस्लान पोनोमारिओव्ह याचा फोन चालू डावात वाजला आणि नियमाप्रमाणे तो डाव हरला. समोरच्याला मिळाला तो पुरा एक गुण. रेटिंगला फक्त तीन गोष्टी कळतात: तुमचा जुना आकडा, समोरच्याचा जुना आकडा, आणि निकाल. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर ते पुढच्या निकालाचा अंदाज बांधतं, आणि तो अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो.

हिशेब कसा चालतो ते एका डावावर पाहू. एका बाजूला १६५० रेटिंगचा खेळाडू, दुसऱ्या बाजूला १८५० चा. फरक २००. फिडेच्या तक्त्यात २०० च्या फरकापुढे ०.७६ लिहिलेलं आहे. म्हणजे असे शंभर डाव झाले तर वरच्याने ७६ गुण मिळवावेत आणि खालच्याने २४, अशी अपेक्षा. आता एकच डाव होतो आणि १६५० वाला जिंकतो. त्याच्याकडून अपेक्षा होती ०.२४ ची, मिळवला १. वरचढ ठरले ०.७६. याला एका गुणकाने गुणायचं. त्याला सगळे ‘के’ म्हणतात. दोघांचा के २० असेल तर जिंकणाऱ्याच्या खात्यात १५.२ गुण येतात आणि हरणाऱ्याच्या खात्यातून तेवढेच जातात. बरोबरी झाली तर खालच्याला ५.२ मिळतात, वरच्याचे ५.२ जातात. आणि अपेक्षेप्रमाणे वरचाच जिंकला तर त्याच्या पदरात पडतात अवघे ४.८. दुबळ्याला हरवून फारसं हाती लागत नाही आणि त्याच्याशी बरोबरी केली तर खिसा कापला जातो. स्पर्धेच्या पहिल्या फेरीत वरच्या पटांवरचे खेळाडू एवढे गंभीर चेहरे करून का बसलेले असतात, ते यावरून समजावं.

के म्हणजे रेटिंगने किती चंचल असावं याचं माप. फिडेच्या नियमांत नवख्या खेळाडूला पहिले ३० डाव होईपर्यंत के ४० असतो. अठरा वर्षांखालच्या मुलांनाही रेटिंग २३०० च्या खाली आहे तोवर ४० च. बाकीच्यांना २०. आणि एकदा २४०० गाठलं की कायमचा १०. मुलाचा आकडा भराभर हलतो, मातब्बराचा जागचा हलायला वेळ लागतो.

ही रचना ज्याच्या डोक्यातून निघाली तो मूळचा हंगेरीचा. आर्पाद एलो १९०३ मध्ये जन्मला, लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेला आणि पुढे मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवू लागला. स्वतः चांगला खेळायचा. विस्कॉन्सिन राज्याचं अजिंक्यपद त्याने अनेकदा मिळवलं. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेत त्या वेळी केनेथ हार्कनेस यांची पद्धत चालू होती. स्पर्धेतल्या प्रतिस्पर्ध्यांची सरासरी काढायची, आणि निम्म्यापेक्षा जितके टक्के गुण जास्त तितके दहा-दहा मिळवायचे, कमी असतील तर वजा करायचे. हिशेब सुटसुटीत होता, पण कधीकधी निकाल विचित्र लागायचे. १९५९ मध्ये संघटनेने रेटिंग समितीचं काम एलोकडे सोपवलं आणि १९६० मध्ये त्याची नवी पद्धत स्वीकारली.

एलोने केलं ते पदार्थविज्ञानाच्या माणसाने करावं तसंच. खेळाडूची ताकद हा एक ठाम दगड नाही, ती रोज थोडी वरखाली होते, हे त्याने आधी मान्य केलं. या वरखालीचा आलेख घंटेच्या आकाराचा असतो असं धरलं, आणि त्याचं प्रमाण विचलन २०० ठेवलं. दोन खेळाडू समोरासमोर बसले की दोन घंटा एकमेकींवर येतात, आणि एकीचं दुसरीपेक्षा वर असण्याचं प्रमाण गणिताने काढता येतं. तक्त्यातले ०.७६ येतात ते तिथून. २०० हा आकडा काही निसर्गाने दिलेला नाही. हार्कनेसच्या काळापासून खेळाडूंचे वर्ग दोनशे-दोनशेच्या टप्प्यांत पाडलेले होते, लोकांना त्याची सवय होती, म्हणून एलोनेही तेच अंतर ठेवलं. गणित नवं आणि आकडे ओळखीचे, हे शहाणपण त्याच्या सूत्राइतकंच महत्त्वाचं वाटतं. नाहीतर क्लबातल्या जुन्या मंडळींनी ते कधीच चालू दिलं नसतं. (जोड्यांच्या निकालांवरून ताकद काढण्याचं गणित त्याच्याही आधी, १९२९ मध्ये, एर्न्स्ट झेर्मेलो या जर्मन गणितज्ञाने बुद्धिबळाच्याच निमित्ताने मांडलं होतं. संच सिद्धांतात ज्याचं नाव घेतात तोच हा.)

फिडेने १९७० मध्ये एलोची पद्धत घेतली. दोनच वर्षांनी तिची परीक्षा साऱ्या जगासमोर झाली. १९७२ च्या यादीत बॉबी फिशर होता २७८५ वर आणि विश्वविजेता बोरिस स्पास्की २६६० वर. फरक १२५. तक्ता म्हणतो, फिशरने दर शंभर डावांमागे ६७ गुण घ्यावेत. रेकयाविकला दोघांच्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यात प्रत्यक्षात खेळले गेले ते वीस डाव, कारण दुसऱ्या डावाला फिशर आलाच नाही. त्या विसांत फिशरचे गुण साडेबारा, म्हणजे साडेबासष्ट टक्के. अपेक्षा होती १३.४ ची. त्या सामन्याभोवती शीतयुद्ध होतं, खुर्च्यांची तपासणी होती, कॅमेऱ्यांवरून भांडणं होती, आणि एका प्राध्यापकाचं गणित उण्यापुऱ्या एका गुणाने चुकलं.

आता ऐकायला खोटं वाटेल, पण १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत फिडेची ही सगळी आकडेमोड एलो स्वतःच करत असे. यादीत तेव्हा दोन हजारांहून कमी खेळाडू होते. सुरुवातीला यादी वर्षातून एकदा निघायची, मग दोनदा, मग चारदा. २०१२ पासून ती दर महिन्याच्या एक तारखेला निघते. रेटिंग मिळायला किमान हवा तो आकडा आधी २२०० होता, म्हणजे यादीत नाव असणं हाच एक मान होता. तो उतरत उतरत २०१२ मध्ये १००० वर आला, आणि यादी काही हजारांवरून लाखांवर गेली. एलो १९९२ मध्ये वारला. आपल्या आडनावाने शाळकरी पोरं एकमेकांना चिडवतील, हे काही त्याने पाहिलं नाही.

क्लबाच्या आणि स्पर्धेच्या रोजच्या कामात हा आकडा शिरला तो सॉफ्टवेअरमधून. आपल्याकडच्या खुल्या स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली झुरिचला, १८९५ मध्ये. कोणी बाद होत नाही, दर फेरीत सारखे गुण असलेल्यांची गाठ पडते. पूर्वी आर्बिटर (पंच) प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड करायचे, टेबलावर गुणांप्रमाणे गठ्ठे लावायचे आणि डोकं धरून जोड्या जुळवायचे. तोच प्रतिस्पर्धी पुन्हा येऊ द्यायचा नाही, पांढऱ्या-काळ्या सोंगट्या आळीपाळीने यायला हव्यात, एखादा उरला तर त्याला बाय, म्हणजे न खेळता गुण, द्यायचा. दोनशे खेळाडू असले की पुढची फेरी उशिरा सुरू होणार हे ठरलेलंच. आज ऑस्ट्रियाच्या हाइन्झ हेर्झोग यांचं ‘स्विस-मॅनेजर’ हे काम क्षणात करतं, आणि त्यांच्याच ‘चेस-रिझल्ट्स’ या संकेतस्थळावर पेअरिंग, म्हणजे जोड्यांची यादी, लागतं. आर्बिटर फिडेची ताजी यादी उतरवून घेतो आणि नोंदणी केलेल्यांचे क्रमांक तिच्याशी जुळवतो. क्रमांक नसेल तर पंचाईत, कारण पाटील आणि कुलकर्णी यांना महाराष्ट्रात तोटा नाही.

मग रेटिंगप्रमाणे उतरती यादी लागते. १२० जण असतील तर पहिल्या फेरीत पहिला ६१ व्याशी, दुसरा ६२ व्याशी, अशी गाठ पडते. अनरेटेड मंडळी तळाला. कागद भिंतीवर लागायच्या आधीच पालकांच्या मोबाइलवर पेअरिंग आलेलं असतं आणि समोरच्याचं पान उघडलेलं असतं. ‘याचं किती आहे?’ हा प्रश्न मुलाने पटावर बसण्याआधी चारदा विचारला जातो. माझं मत विचाराल तर पालकांनी फेरी संपेपर्यंत तो मोबाइल खिशातच ठेवावा. समोरच्याचा आकडा पाहून मुलगा एकतर ढिला पडतो, नाहीतर पहिल्या दहा खेळ्यांतच बरोबरी मागतो.

ज्याला अजून रेटिंगच नाही त्याला ते मिळतं कसं, हा भाग मोठा गमतीचा आहे. रेटिंग असलेल्या किमान पाच जणांशी खेळावं लागतं आणि निदान अर्धा गुण तरी मिळवावा लागतो. तेवढ्या थोड्या डावांवर आकडा ठरवायचा म्हणजे तो कुठेही भरकटू शकतो. म्हणून मार्च २०२४ पासून फिडे हिशेबात दोन काल्पनिक खेळाडू धरते. दोघेही १८०० चे, आणि दोघांशी तुमची बरोबरी झाली असं मानायचं. म्हणजे आज यादीत येणाऱ्या प्रत्येक नव्या खेळाडूच्या आकड्यात अस्तित्वातच नसलेल्या दोन माणसांशी न खेळलेले दोन डाव मिसळलेले आहेत.

या सगळ्याची एक मर्यादा आहे, आणि तिचे किस्से या पद्धतीच्या यशाइतकेच वाचनीय आहेत. रेटिंग सांगतं ते फक्त आपापसांत खेळणाऱ्यांमधलं अंतर. एखादा घोळका बाहेरच्यांशी खेळतच नसेल तर त्याचा सगळा मजला वर किंवा खाली सरकलेला असला तरी आतून कळायला मार्ग नाही. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या तुरुंगात क्लॉड ब्लडगुड नावाचा जन्मठेपेचा कैदी होता. तो तिथल्याच कैद्यांशी हजारो रेटेड डाव खेळला. नवा कैदी आला की त्याला रेटिंग मिळायचं, आणि मग ते ब्लडगुडकडे जायचं. १९९० च्या दशकात त्याचा आकडा २७०० च्या पलीकडे गेला आणि अमेरिकेच्या यादीत हा कैदी भल्याभल्या ग्रँडमास्टरांच्या वर जाऊन बसला. सूत्राने कुठेही चूक केली नव्हती. त्याला भिंत दिसत नव्हती एवढंच.

दुसरा किस्सा जास्त बोचरा. त्या काळी बहुतेक स्त्रिया स्त्रियांशीच खेळत, म्हणजे तोही एक बंद घोळकाच. १९८६ च्या अखेरीस दुबईच्या अधिवेशनात फिडेने ठरवलं, की स्त्रियांचे आकडे खऱ्यापेक्षा कमी आहेत, तेव्हा सगळ्यांना सरसकट १०० गुण द्यावेत. सगळ्यांना, एक सोडून. हंगेरीची सतरा वर्षांची झुझा पोल्गार पुरुषांच्या स्पर्धांत खेळत आली होती, तिचा आकडा आधीच बरोबर आहे असं म्हणून तिला वगळलं. जानेवारी १९८७ च्या यादीत मग माया चिबुर्दानिद्झे पहिली झाली आणि झुझा दुसरी. तर्क गणिताला धरून होता हे मान्य, पण जी मुलगी घोळक्याबाहेर पडायचं धाडस करते तिलाच त्याची किंमत मोजायला लावायची, हे न्यायाला धरून नव्हतं.

या धाडसाला महाराष्ट्रातही आधीचा इतिहास आहे. १९७६ मध्ये मुंबईची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. असं करणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्यावरून गदारोळ झाला, आणि प्रकरण फिडेचे अध्यक्ष माक्स यूवे यांच्यापर्यंत गेलं. स्त्रियांना खुल्या स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय त्यांनी दिला. रेटिंगच्या दृष्टीने बघितलं तर दोन घोळक्यांना जोडणारा प्रत्येक डाव मोलाचा असतो. रोहिणीसारख्या मोजक्या जणींनी त्या काळात तेच जोडकाम केलं.

अलीकडचा घोळ मुलांचा आहे. मूल सहा महिन्यांत एवढं सुधारतं, की के ४० असूनही आकडा मागे पडतो. करोनाच्या काळात तर भारतातली पोरं घरी बसून ऑनलाइन हजारो डाव खेळली, आणि फिडेच्या पानावरचा त्यांचा आकडा जागचा हलला नव्हता. स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा १२०० ची पोरं १७०० वाल्यांना लोळवू लागली. त्यात गुण गेले ते प्रौढांचे. त्यांचं काही बिघडलं नव्हतं, तरी आकडे घसरत राहिले. शेवटी संख्याशास्त्रज्ञ जेफ सोनास यांच्या सूचनेवरून १ मार्च २०२४ ला फिडेने २००० खालच्या प्रत्येकाचा आकडा एकदाच वर उचलला. २००० ला जेवढे कमी पडतात त्याच्या ४० टक्के द्यायचे. १००० वाला एका रात्रीत १४०० झाला, १२०० वाला १५२०, १८०० वाला १८८०. यादीची तळमर्यादाही १४०० केली. त्या दिवशी कित्येक घरांत पेढे वाटायचे की नाही, याचा निर्णय अवघड झाला असणार.

बाकीच्या खेळांनी एलोचं सूत्र उचललं, आपापल्या सोयीने वाकवलं. फुटबॉलच्या फिफाने पुरुषांच्या संघांची क्रमवारी २०१८ पासून याच तऱ्हेने लावायला सुरुवात केली. तिथे के सामन्याच्या वजनावर ठरतो, मैत्रीपूर्ण सामन्याला ५ पासून विश्वचषकाच्या शेवटच्या फेऱ्यांना ६० पर्यंत. मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये ‘ग्लिको’ काढलं. त्यात आकड्याबरोबर त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा तेही नोंदलेलं असतं, आणि खेळाडू बरेच दिवस खेळला नाही की हा भरवसा कमी होतो. ऑनलाइन बुद्धिबळाची मोठी संकेतस्थळं हीच जातकुळी वापरतात. त्यामुळे तिथला १८०० आणि फिडेचा १८०० हे दोन वेगळ्या मोजपट्ट्यांवरचे आकडे आहेत, हे क्लबातल्या नव्या मुलांना दर आठवड्याला समजावून सांगावं लागतं.

क्रिकेटची गोष्ट वेगळी. आता टेनिस बॉलच्या स्पर्धेतल्या फलंदाजाचंही अ‍ॅपवर प्रोफाइल असतं: धावा, सरासरी, स्ट्राइक रेट. पण सरासरी म्हणजे रेटिंग नव्हे, कारण समोर गोलंदाज कोण होता याची तिला गंधवार्ता नसते. कसोटीत ही उणीव भरून काढायचा प्रयत्न १९८७ मध्ये टेड डेक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांच्या क्रमवारीत हजारपैकी गुण असतात आणि समोरच्या गोलंदाजीचा दर्जा धरला जातो. मागे जाऊन हिशेब केला तेव्हा सुनील गावसकरचा सर्वोच्च आकडा निघाला ९१६, ओव्हलवरच्या १९७९ च्या २२१ धावांनंतरचा. हा आकडा मांडला गेला तोवर त्याची कसोटी कारकीर्द संपली होती.

आणि अगदी उलट टोकाची जात म्हणजे माणसाच्या नजरेने दिलेले गुण. कोलियर बंधूंनी १९९२ मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ हा फुटबॉल क्लब चालवण्याचा संगणकीय खेळ काढला. त्याच्या वारसदार ‘फुटबॉल मॅनेजर’मध्ये प्रत्येक खऱ्या खेळाडूला वेग, पासिंग, निर्णयशक्ती अशा बाबींत २० पैकी गुण असतात, आणि एकूण कुवत २०० पैकी. हे गुण ठरवतात ते ठिकठिकाणचे निरीक्षक, सामने पाहून. ही माहिती इतकी विस्तृत झाली, की २००८ मध्ये एव्हर्टन या इंग्लिश क्लबाने खेळाडू शोधण्यासाठी ती वापरायचा करार केला. नजर चुकतेही. चेर्नो सांबा नावाचा पोरगा या खेळात जगातला अव्वल आघाडीवीर व्हायचा, प्रत्यक्ष मैदानावर त्याची कारकीर्द छोट्या क्लबांमध्येच गेली. पण नजरेला एक गोष्ट जमते जी एलोला जमत नाही: अजून न खेळलेल्या सामन्यांबद्दल, वाढत्या वयाबद्दल बोलणं. एलोच्या हिशेबात होनहार असण्याला शून्य गुण.

एलोने स्वतः १९७८ च्या आपल्या पुस्तकात जुन्या खेळाडूंचेही आकडे काढले, त्यांच्या ऐन भराच्या पाच वर्षांवरून. कापाब्लांका २७२५, लास्कर २७२०, मॉर्फी २६९०. आणि आपल्या उपखंडातला मीर सुलतान खान २५३०. पंजाबातला हा माणूस १९२९ ते १९३३ मध्ये तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला, हेस्टिंग्जला त्याने कापाब्लांकाला हरवलं, मग गावी परतला आणि स्पर्धा सोडून दिल्या. १९६६ मध्ये तो वारला तेव्हा फिडेची यादी जन्मलीही नव्हती. फिडेने त्याला मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ मध्ये.

किताब आणि रेटिंग यांचं नातं इतकं सरळ नाहीच. ग्रँडमास्टर व्हायला २५०० चा आकडा एकदा गाठावा लागतो आणि तीन नॉर्म लागतात. नॉर्म म्हणजे ठरावीक ताकदीच्या स्पर्धेत २६०० च्या दर्जाची कामगिरी. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांच्या विश्वचषकासाठी गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता आणि रेटिंगप्रमाणे तिचं मानांकन पंधरावं होतं. अंतिम फेरीत तिने कोनेरू हम्पीला रॅपिड टायब्रेकमध्ये हरवलं. विश्वचषक जिंकणारीला ग्रँडमास्टर किताब थेट द्यायचा, असा फिडेचा नियम आहे. तिन्ही नॉर्मची अट त्याच दिवशी गळून पडली आणि दिव्या भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. रेटिंग मात्र नियमाप्रमाणे डावागणिकच वाढलं, के १० च्या संथ चालीने.